जाडी म्हणजे श्रीमंतांचं दुखणं ना, मॅडम?

मी समुपदेशक आहे. मुलांच्या वजनाची काळजी घेऊन माझ्याकडे येणारे पालक दोन तऱ्हेचे असतात. बेताच्या कमाईतले म्हणतात, "आमच्याकडे खायला एवढं असतं तरी कुठे? तरी पोरगा फुगतोय. आम्ही शिकलेले नाही, म्हणून होतंय का हे?" चांगल्या पगाराचे म्हणतात, "आम्हाला सगळं कळतं हो, मग आमच्याच घरात असं कसं?" उत्पन्न आणि शिक्षण यांचा मुलांच्या लठ्ठपणाशी संबंध आहे, हे दोघांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. त्यातून प्रत्येकानं आपल्यापुरता दोष मात्र काढून ठेवलेला असतो.

वैशालीताई पहिल्या तऱ्हेच्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) विक्रोळीच्या चाळीतून एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीत चौदाव्या मजल्यावर आलेलं कुटुंब. त्या दहावी नापास. पवईत चार घरी चपाती-भाजीची कामं करतात. नवरा गोदामात माल लावण्याच्या कामाला, घरी यायला रात्रीचे दहा. मुलगा ओम अकरा वर्षांचा, सहावीत. शाळेतल्या तपासणीनंतर डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती: उंची १४३ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २५च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी लठ्ठपणाची रेषा साधारण साडेबावीसला येते.

चिठ्ठी पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "जाडी म्हणजे श्रीमंतांचं दुखणं ना, मॅडम? पवईच्या भाभींची मुलगी जाड आहे, ते मी समजू शकते. त्यांच्याकडे फ्रिज उघडला की चीज आणि चॉकलेटं. आमच्याकडे काय आहे?"

त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. आपल्या देशात आजही वजन जास्त असलेली मुलं शहरांत आणि सधन घरांत अधिक सापडतात. २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलामुलींपैकी ५ टक्क्यांचं वजन जास्त होतं आणि २४ टक्के मुलं हडकुळी होती. अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या २०११-१४च्या आकडेवारीत कुटुंबप्रमुख पदवीधर असलेल्या घरांत लठ्ठ मुलांचं प्रमाण ९.६ टक्के होतं, आणि शाळेपुरतंच शिक्षण असलेल्या घरांत २१.६ टक्के. अर्थात तिथेही हे नातं सगळ्या समाजगटांत सारखं नाही. देश जसजसा पैशानं वर येतो, तसतसा हा भार वरच्या घरांकडून खालच्या घरांकडे सरकतो, असं जगभर दिसलं आहे. मुंबईत हे दोन्ही टप्पे एकाच वेळी चालू आहेत असं मला वाटतं. भाभींची मुलगी आणि ओम, दोघंही आहेतच की.

आकडे समूहांचे असतात, एका घराचा निवाडा त्यांवरून करता येत नाही, एवढं सांगून मी विषय बदलला आणि विचारलं, "ओम शाळेतून आला की घरी कोण असतं?"

कोणी नसतं. शाळा साडेबाराला सुटते, आई पाचनंतर येते. मधल्या वेळात ओम, मोबाइल आणि बंद दार. चाळीत होते तेव्हा दुपारी दार उघडं असायचं, समोरच्या काकू हाक मारायच्या, पोरं गॅलरीत धुडगूस घालायची. आता दार उघडं टाकायची सोय नाही, खाली उतरायला बंदी, कारण खाली पार्किंग आणि अनोळखी माणसं. ही बंदी अडाणीपणाची नव्हती. दिवसभर बाहेर असणारी कोणतीही आई हेच करेल. पण सकाळी निघताना वैशालीताई वीस रुपये ठेवून जायच्या. "एकटा असतो ना, मग काहीतरी नको का?" वीस रुपयांत वेफर्सची दोन पाकिटं येतात, नाहीतर थंड्याची एक छोटी बाटली. २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते. सफरचंद एकच येतं, आणि ते खाऊन अकरा वर्षांच्या पोराचं पोट भरत नाही.

पुढच्या वेळी ओमचे बाबा सुट्टी टाकून आले. ते वैतागलेलेच होते. "पोरगा खात्यापित्या घरचा दिसतो, त्यात वाईट काय?" मी त्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. वडील लालबागच्या गिरणीत होते. १९८२च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. यांचा जन्म त्यानंतरचा. दुसऱ्याच्या घरी खाऊचा डबा उघडला की आई यांना हाताला धरून उठवून न्यायची, मागायची वेळ येऊ नये म्हणून. "माझा पोरगा कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं."

आहारतज्ज्ञाचा कागद इथे काय करणार? ज्या घरानं उपाशीपण पाहिलंय, तिथे मुलाचा गोल चेहरा हा बापाच्या कर्तबगारीचा पुरावा असतो. त्याला "कमी द्या" म्हणणं म्हणजे पुन्हा त्या डब्यापासून उठवणं. शिकलेल्या घरांत ही जखम नसते असं नाही, पण तिथे दोन पिढ्यांचं अंतर पडलेलं असतं. उत्पन्न म्हणजे फक्त आजचा पगार नव्हे, हे मला अशा घरांनी शिकवलं. घरात आधी काय नव्हतं, तेही ताटात येऊन बसतं.

आईची बाजू वेगळी होती. ओम जन्मला तेव्हा २.१ किलोचा. काचेच्या पेटीत ठेवला होता. "वजन वाढवा" हे तेव्हा तिला प्रत्येकानं सांगितलं आणि तिनं ते मनापासून केलं. दुधात ताकदीची पावडर, वर साखर, भातावर तूप. कधी थांबायचं ते मात्र कुणीच सांगितलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथम्प्टनची बाळं मोजून पाहिली होती. २००३ साली ते काम प्रसिद्ध झालं. आपली बाळं वजनाला कमी, अंगात स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. अशी बाळं पुढे झपाट्यानं वजन धरू लागली तर मधुमेहाचा धोका वाढतो. वैशालीताईंना मी हे सोप्या शब्दांत सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या. त्यांना वाटत होतं की त्यांचं काहीतरी चुकलं. खरं तर त्या सांगितलेलंच करत होत्या.

मग त्यांनीच विचारलं, "त्याची मान काळी पडलीय, ते उन्हानं ना? किती घासते, निघत नाही." मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपट जाडसर पट्टा दिसला, तर तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. घासून पोराची कातडी सोलली जाते, दुसरं काही होत नाही. मी त्यांना त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृत, हे तपासणं डॉक्टरांचं काम, समुपदेशकाचं नव्हे.

शिक्षणाबद्दल म्हणाल, तर वैशालीताईंना पोषण शिकवायची मला गरज पडली नाही. भाभींच्या घरी फुलके, मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, बिनतेलाची भाजी त्याच करतात. शाळेनं त्यांना जे दिलं नाही ते वेगळंच आहे: वेळेवर घरी येता येईल अशी नोकरी, डॉक्टरला "म्हणजे काय?" असं विचारायची हिंमत, आणि डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरं. अक्षरांचा प्रश्न ओमनं सोडवला. तो सेमी-इंग्लिशचा. पदार्थांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते, एवढं सांगून मी त्याला पावडरचा डबा आईला वाचून दाखवायला लावला. साखर यादीत दुसरी निघाली. डबा संपल्यावर नवा आला नाही, आणि या निर्णयात माझा एक शब्दही नव्हता.

आहाराचा तक्ता आम्ही केलाच नाही. दुपार मात्र बदलली. नवव्या मजल्यावरच्या आजी दुपारी घरीच असतात. ओम जेवण त्यांच्याकडे जेवू लागला, वैशालीताई त्यांचा बाजार आणून देतात. वीस रुपये चालू राहिले, पण त्यांचे फुटाणे, शेंगदाणे, केळी असं आईच आदल्या रात्री आणून ठेवते. संध्याकाळी कबड्डीच्या मंडळात घातला. पहिले दिवस तो रडत परत आला, पोरं "ढोल्या" म्हणायची. मंडळाच्या दादांशी वैशालीताई स्वतः जाऊन बोलल्या. घरातही "जाड्या" हा शब्द बंद केला. चिडवलेली मुलं लपून खातात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की या एका बाबतीत मी ऐकून घेत नाही. आणि ओमचं ताट वेगळं करायचं नाही, सगळ्यांचं एकच. वडिलांना आम्ही "कमी द्या" म्हटलंच नाही. रविवारी त्याला घेऊन मैदानावर जायचं काम दिलं. मुंबईत मोकळी जागा माणशी जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर, त्यामुळे मैदान गाठायला बस करावी लागते. पण बाप सोबत असला की पोरगा बसही मागतो आणि चालतही जातो.

वाढत्या वयात वजन उतरवण्याचा हट्ट बहुतेक मुलांसाठी नसतोच. वजन थोपवायचं आणि उंचीला पुढे जाऊ द्यायचं. ओमचं वजन गणपतीत वर गेलं, मेमध्ये गावी आजीकडे पुन्हा गेलं, बाकी महिन्यांत जवळपास तिथेच राहिलं. उंची वाढली. मानेचा रंग थोडा निवळलाय असं त्याची आई म्हणते.

मधे एकदा वैशालीताईंनी विचारलं, "भाभींच्या मुलीची मान पण तशीच आहे. त्या बेसन-लिंबू लावतात. सांगू का?" मी म्हटलं, सांगा. त्या दबकत होत्या, कामाच्या घरी असलं बोलायचं कसं म्हणून. शेवटी ओमच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून बोलल्या. भाभी आधी थोड्या तुटक झाल्या, मग मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. त्या घरी आहारतज्ज्ञ आहे, पोहण्याचा क्लास आहे. पण दोघं पालक कामावर असताना दुपारी तिच्यासोबतही मोबाइल आणि जेवण मागवायचं ॲपच असतं.

ओमचे बाबा रविवारी मैदानावरून येताना अजून थंडा घेतात. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही. आता एकच बाटली तिघांत होते, एवढंच. आणि सातवीपासून ओमची शाळा दुपारची होणार आहे, म्हणजे नवव्या मजल्यावरची व्यवस्था संपली आणि सकाळचे पाच तास रिकामे झाले. वैशालीताईंचं पहिलं काम सात वाजता सुरू होतं. त्या वेळेत कोण, कुठे, काय, हे ठरवायला पुढच्या आठवड्यात तिघंही येणार आहेत.