गावच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात काहींना फोटो उघडत नाहीत, काहींना मेसेज दुसऱ्या दिवशी मिळतात. काय करावं?

दादा, सगळ्यांचा दोष एकच समजू नका. आधी विचारा, त्रास सगळ्यांना आहे की चार-पाच जणांनाच? सगळ्यांना असेल तर टॉवर किंवा लाइनची भानगड असते. मोजक्यांना असेल तर त्यांचा फोन हातात घेऊन बघा.

आमच्या यवतमाळकडच्या गटात बहुतेक वेळा फोनची जागा भरलेली निघाली. रोजचे सुप्रभातचे फोटो अन् व्हिडिओ! व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडून मोठ्या फायली काढा, आपोआप डाउनलोड बंद करा. मेसेज उशिरा येत असतील तर बॅटरी सेव्हर तपासा. तो अ‍ॅपला मागे झोपवून ठेवतो. तारीख-वेळ चुकलेली असली तरी व्हॉट्सअ‍ॅप जोडलं जात नाही. ती ‘स्वयंचलित’वर ठेवा.

एखाद्याचा फोन बंद राहिला तर न पोचलेला मेसेज सर्व्हरवर ३० दिवसच थांबतो, नंतर पुसला जातो. त्याला तो पुन्हा पाठवावा लागतो.

कापसावरच्या बोंडअळीचा फोटो मात्र अंधुक पाठवू नका, निदान चुकतं अन् फवारणीचा पैसा वाया जातो. उघडलेल्या बोंडाचा जवळून एकच फोटो एचडीमध्ये पाठवा, बाकीचे साध्या दर्जात. व्हॉट्सअ‍ॅप गटात १०२४ सदस्यच बसतात. आजूबाजूची गावं जोडायची असतील तर टेलिग्रामचा विचार करा, तिथे २ लाखांपर्यंत चालतं.