घानातील अक्रा शहरात नोकरीसाठी सहकुटुंब राहायला जावे का?

तुम्ही नाशिकची नोकरी सोडून अक्राजवळच्या एका कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर जाण्याच्या विचारात आहात, पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार आहे, आणि ते शहर कितपत सुरक्षित आहे असे तुम्ही विचारले आहे. मी अक्रात राहते आणि तेमा बंदरालगतच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे हिशेब पाहते. माझ्या मते तुम्ही सुरक्षिततेची काळजी गरजेपेक्षा जास्त करत आहात आणि करारपत्राची गरजेपेक्षा फारच कमी.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगते. १९९२ च्या राज्यघटनेपासून घानात निवडणुका नियमित होत आल्या आहेत आणि हरलेला पक्ष सत्ता सोडतो; आसपासच्या अनेक देशांबद्दल असे म्हणता येत नाही. एन्क्रूमा सर्कल या शहरातल्या गजबजलेल्या चौकाच्या गर्दीत मोबाइल हिसकावला जाऊ शकतो, रात्री निर्जन किनाऱ्यावर फिरू नये, आणि समुद्रात ओढ फार असल्यामुळे लाबाडीच्या किनाऱ्यावर मुलीला गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये. एवढी सावधगिरी पुरते.

आता करारपत्र. पगार कोणत्या चलनात मिळणार, हा पहिला प्रश्न विचारा. २०२२ च्या डिसेंबरात घानातील महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला होता आणि त्या वर्षी सेदीची, म्हणजे इथल्या चलनाची, इतकी घसरण झाली की सेदीत पगार घेऊन भारतात पैसे पाठवणाऱ्यांच्या हाती फार थोडे उरले. तेव्हापासून प्रत्येक जण नवख्याला ‘डॉलरमध्येच घे’ असे सांगतो. पण २०२५ च्या पहिल्या पाच महिन्यांत डॉलरचा भाव पंधरा सेदींच्या वरून अकराच्या खाली आला, दुकानातले भाव मात्र त्या प्रमाणात उतरले नाहीत, आणि मग डॉलरवाल्यांनाच महिन्याचा खर्च जड जाऊ लागला. म्हणून हिशेबनीस या नात्याने मी असे सुचवेन की घरखर्चापुरती रक्कम सेदीत आणि बचतीची रक्कम डॉलरमध्ये भारतातल्या खात्यावर, अशी विभागणी मालकाकडून लेखी मान्य करून घ्यावी.

दुसरा प्रश्न घराचा. १९६३ च्या भाडे कायद्याप्रमाणे घरमालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडे मागता येत नाही, पण प्रत्यक्षात वर्षाचे, कित्येकदा दोन वर्षांचे भाडे एकदम मागितले जाते आणि द्यावेही लागते. ही रक्कम कंपनी भरणार की तुमच्या पगारातून कापणार, आणि तुम्ही मुदतीपूर्वी नोकरी सोडली तर उरलेल्या भाड्याचे काय होणार, हे आधीच ठरवा. ईस्ट लेगॉन आणि कॅन्टोन्मेंट्स या वस्त्या ऐटबाज आहेत, तिथे भाडेही तसेच आहे. परंतु काम तेमाला असेल तर तेमातल्याच एखाद्या ‘कम्युनिटी’त राहावे (तिथल्या वसाहतींना नावांऐवजी क्रमांक आहेत), कारण अक्रा-तेमा महामार्ग अवघा १९ किलोमीटरचा असला तरी सकाळ-संध्याकाळ तो माणसाचा अंत पाहतो. घर पाहताना पाण्याची टाकी आणि जनरेटर यांची चौकशी करा. २०१२ नंतरची तीन-चार वर्षे लोकांनी ‘दुमसोर’ म्हणजे विजेच्या येण्याजाण्याचा जो खेळ सोसला, तेवढे हाल आता नाहीत, पण वीज अधूनमधून जातेच, आणि मीटर प्रीपेड असल्यामुळे पैसे संपले की ऐन रात्री अंधार होतो. शिवाय घर सखल भागात नको. ३ जून २०१५ च्या पुरात सर्कलजवळ पेट्रोल पंपाचा स्फोट होऊन दीडशेहून अधिक माणसे गेली; गटारे आणि ओदाव नदी तुंबण्याचा प्रश्न अजूनही सुटलेला नाही. खरे तर अक्रात मुंबईच्या निम्माही पाऊस पडत नाही, पण पडतो तेव्हा पाण्याला जायला वाट नसते.

तिसरा प्रश्न आरोग्याचा. पीतज्वराची लस तिघांनाही घ्यावी लागेल, तीही अधिकृत केंद्रावर आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. तिचे प्रमाणपत्र पासपोर्टइतकेच जपा, कारण घानाहून परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. इथला हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा असतो, म्हणून ताप आल्यावर ‘दोन दिवस वाट पाहू’ ही आपली सवय इथे अजिबात चालत नाही. त्याच दिवशी रक्त तपासावे. सुट्टीत नाशिकला आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना आपण पश्चिम आफ्रिकेतून आलो आहोत हे न विचारता सांगावे. वैद्यकीय विमा संपूर्ण कुटुंबाचा हवा.

खाण्यापिण्याची चिंता करू नका. डाळी, कणीक आणि मसाले भारतीय दुकानांत मिळतात, शेंगदाणे कोणत्याही बाजारात मिळतात, आणि कोंतोमिरे नावाच्या पाल्याची भाजी चिंच-गूळ घालून केली तर अळूच्या फदफद्याच्या बरीच जवळ जाते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आग्रहाने लिहायचे आहे. इथली पुष्कळ भारतीय कुटुंबे कंपनीचे आवार, भारतीय दुकान आणि एकमेकांची घरे यांच्या बाहेर पडत नाहीत, आणि मग वर्षभरात ‘इथे काहीच नाही’ अशी तक्रार करू लागतात. घानाच्या लोकांशी संबंध जोडणे अवघड नाही, पण त्यांचे शिष्टाचार पाळावे लागतात: दुकानात, कचेरीत किंवा पहारेकऱ्याजवळ काहीही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे, आणि देणेघेणे उजव्या हातानेच करायचे, जे आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही. सहकाऱ्याच्या घरच्या अंत्यविधीला, जो बहुधा शनिवारी असतो, काळ्या किंवा लाल-काळ्या कपड्यांत हजेरी लावली तर ते लोक विसरत नाहीत. अक्रा ही मूळची ‘गा’ नावाच्या जमातीची भूमी. त्यांच्या होमोवो सणाआधी साधारण महिनाभर ढोल आणि कर्णे यांना बंदी असते आणि प्रार्थनास्थळांनीही आवाज आवरावा अशी अपेक्षा असते, ही प्रथा आपल्याकडेही आणावी असे मला दरवर्षी वाटते. ओदोरकोर भागात स्वामी घनानंद सरस्वतींनी स्थापलेला हिंदू मठ आहे. ते स्वतः घानाचेच होते, त्यांचे अनुयायीही बहुतांशी तिथलेच आहेत, आणि हे अनुयायी गणपती बसवून अटलांटिक महासागरात विसर्जन करतात. पत्नीला आणि मुलीला तिथे अवश्य न्या.

पत्नी नोकरी करत असेल तर लक्षात ठेवा की तुमच्यामुळे मिळालेल्या निवास परवान्यावर तिला काम करता येणार नाही. त्यासाठी तिला स्वतंत्र परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क मोठे आणि बहुधा डॉलरमध्ये असते, ते कंपनीने उचलावे. तेमाला दिल्ली पब्लिक स्कूलची शाळा आहे. तुम्ही आधी एकट्याने जा, घर स्वतः पाहून घ्या, आणि दोघींना ऑगस्टमध्ये बोलवा. त्या महिन्यात पाऊस ओसरलेला असतो, हवा वर्षातली सर्वांत सुखद असते, आणि सहारातली धूळ घेऊन येणारा हरमाटन वारा सुरू व्हायला डिसेंबरपर्यंतचा अवधी हाताशी असतो.