अंधेरीतल्या कंपनीच्या खरेदी-प्रक्रियेवर एम.बी.ए.चा प्रकल्प आहे. मुलाखती पुरतील की सिस्टीमचा डेटा लागेल?

दोन्ही लागेल, पण आधी डेटा. मुलाखतीत माणसं प्रक्रिया कशी असायला हवी ते सांगतात; लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमने ठेवलेल्या प्रत्येक कामाच्या नोंदीत, ती कशी झाली ते दिसतं. आयटीकडून किमान तीन रकाने मागा: ऑर्डर क्रमांक, कामाचं नाव, तारीख-वेळ. नुसती तारीख चालणार नाही, एकाच दिवशीच्या मंजुरी आणि पीओचा (खरेदी ऑर्डरचा) क्रमच कळत नाही.

सगळ्या जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी) संध्याकाळी ६ च्या आसपास दिसल्या तर सावध व्हा. माल तेव्हा आलेला नसतो. कुणीतरी लोकल गाठण्याआधी दिवसभराचा गठ्ठा एकदम चढवलेला असतो. गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरशी ताडून पाहा, नाहीतर काढलेला विलंब खोटाच. डेटाच्या कालावधीच्या दोन्ही टोकांच्या अर्धवट ऑर्डरी, म्हणजे आधीच सुरू झालेल्या किंवा अजून न संपलेल्या, गाळा. प्रक्रियेचा नकाशा बीपीएमएन २.० मध्ये (प्रक्रिया आकृतीत मांडायची प्रमाणित चिन्हपद्धती) काढा आणि मुलाखती तो समोर ठेवूनच घ्या.