घरात दही आहे ना? मग बटरमिल्कसाठी केक अडवू नका

मागच्या वेळी कपकेकच्या रेसिपीत मी '१ कप बटरमिल्क' एवढंच लिहून मोकळी झाले, आणि त्याची शिक्षा म्हणून आजचे सगळे प्रश्न बटरमिल्कचेच आहेत. घ्या मग.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): बटरमिल्क म्हणजे आपलं ताकच ना? मी घरचं ताक घातलं तर केक मधे खचला आणि ओलसर राहिला. काय चुकलं?

ताकच, पण तुमच्या ताकात पाणी किती होतं ते सांगा आधी. मुळात लोणी काढल्यावर खाली जे उरतं ते बटरमिल्क, म्हणजे सायीचं विरजण रवीने घुसळून आज्ज्या लोणी काढायच्या आणि उरायचं तेच. अमेरिकन रेसिपीतलं आजचं बटरमिल्क मात्र बहुतेक वेळा घुसळलेलं नसतंच, कमी फॅटच्या दुधाला विरजण लावून आंबवलेलं असतं आणि बऱ्यापैकी दाट असतं, साधारण पियुषासारखं. आपण जेवणानंतर प्यायला ताक करतो ते एक वाटी दह्याला दोन-तीन वाट्या पाणी. ते केकमध्ये ओतलंत म्हणजे तुम्ही मुख्यतः पाणीच ओतलंत, पिठाला ओल जास्त झाली आणि सोड्याला लागतो तो आंबटपणा पण विरळ झाला.

पाऊण कप दही, पाव कप पाणी. झालं १ कप बटरमिल्क. रवीने किंवा व्हिस्कने गुठळी राहणार नाही इतकं घुसळा, मग त्यात चमचा बुडवून बाहेर काढा आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा, रेघ क्षणभर तशीच राहिली तर बरोबर, लगेच भरून आली तर अजून एक चमचा दही घाला. डब्यातलं ग्रीक योगर्ट वापरत असाल तर अर्धं योगर्ट आणि अर्धं पाणी. दही अगदी ताजं, गोडसर असेल तर तासभर ओट्यावर ठेवा, मे महिन्यात आपल्याकडे तेवढ्यात ते आंबट व्हायला लागतं, डिसेंबरात जरा जास्त वेळ द्या. जे दही जेवायला 'आंबट झालं' म्हणून आपण बाजूला सारतो ना, केकला तेच छान लागतं (वास बिघडलेलं किंवा बुरशी आलेलं नव्हे हां, ते फेकायचंच).

माझं स्पष्ट मत असं की दुधात लिंबू पिळून बटरमिल्क करायची ट्रिक ज्यांच्या घरात दही नसतं त्यांची आहे. आपल्या फ्रीजमध्ये रोज विरजण असतं आणि आपण तिकडची ट्रिक बघून लिंबू शोधत जांभळी नाक्याला जातो, आणि तेही उन्हाळ्यात, जेव्हा लिंबाचे भाव ऐकूनच घाम फुटतो.

प्रश्न (कोपरखैरणे): ताई, व्हिडिओत बघून दुधात लिंबू घातलं तर सरळ पनीरच झालं, वर हिरवट पाणी. तुमच्याकडे होतं का असं?

दूध तापवलेलं होतं ना, गॅसवरून नुकतंच उतरवलेलं? गरम दुधात लिंबू म्हणजे पनीरच होणार, त्यात तुमची काही चूक नाही, रेसिपी पनीरचीच झाली. ते फेकू नका, पराठ्यात घाला.

बटरमिल्कसाठी दूध रूम टेंपरेचरला हवं, फ्रीजमधली पिशवी असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढा. मेजरिंग कपात आधी १ टेबलस्पून म्हणजे १५ मिली लिंबाचा रस घ्या (एका रसाळ कागदी लिंबाचा साधारण एवढाच निघतो), मग कपाची २४० मिलीची खूण येईपर्यंत दूध ओता, एकदा ढवळा आणि १० मिनिटं हात लावू नका. नंतर कप जरा तिरका करून बघा, काचेला बारीक बारीक दाणे चिकटलेले दिसतील आणि दूध किंचित जाड वाटेल, नासायला लागलेल्या दुधासारखं. एवढंच होतं. दाट होईल म्हणून तासभर वाट बघत बसू नका, ते बटरमिल्कइतकं दाट होत नाही. गाळू पण नका, सगळंच घालायचं. टोण्ड दूध चालतं, फुल क्रीम चालतं, टेट्रा पॅकमधलं पण चालतं.

लिंबाऐवजी व्हिनेगर घेणार असाल तर बाटलीवर वाचा, आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या व्हिनेगरवर बहुतेक वेळा ४ टक्के लिहिलेलं असतं आणि तिकडच्या रेसिपी ५ टक्के धरून लिहिलेल्या असतात, म्हणून मी टेबलस्पूनवर अजून १ टीस्पून घालते. चव लागत नाही, घाबरू नका. पण कॉन्सन्ट्रेटेड अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही, ते तसंच वापरायचं नसतं, भाजतं.

आणि जाता जाता, वाटी म्हणजे कप नाही! आपली आमटीची वाटी साधारण १५० मिलीची आणि मेजरिंग कप २४० चा. मैदा कपाने आणि ताक वाटीने असं करून मग मला केकचा दगड झाल्याचे फोटो पाठवणाऱ्या किमान तीन जणी आहेत, त्यांना कळलं असेल.

प्रश्न (घोडबंदर रोड): माझा केक फुगतो मस्त पण खाल्ल्यावर साबणासारखी चव येते आणि रंगही जास्तच काळपट. बटरमिल्कमुळे का?

बटरमिल्क बिचारं निर्दोष आहे, सोडा जास्त झालाय. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो बुडबुडा केक वर ढकलतो. सोडा आंबटापेक्षा जास्त असेल तर उरलेला सोडा तसाच केकमध्ये राहतो, तीच ती साबणाची चव, आणि त्यानेच केक लवकर काळपट होतो. १ कप बटरमिल्कला अर्धा टीस्पून सोडा पुरतो, सपाट केलेला, सुरीने वरचा ढीग काढलेला, पोह्याच्या चमच्याने अंदाजपंचे नव्हे. लिंबाच्या दुधात आंबटपणा दह्याच्या ताकापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणून तिथे मी पाव टीस्पून सोडा आणि वरून १ टीस्पून बेकिंग पावडर घालते.

ताक पुरेसं आंबट आहे का हे बघायचं असेल तर एका चमच्यात ताक घ्या, वर चिमूटभर सोडा टाका आणि कान जवळ न्या. सुर्र आवाज येऊन फेस चढला पाहिजे. नुसताच एखादा बुडबुडा आला तर एकतर ताक गोड आहे नाहीतर सोडा जुना. कोणाचा दोष ते लिंबाच्या थेंबावर सोडा टाकून कळेल, तिथे फसफसला तर सोडा ठीक.

इनो सोड्याऐवजी तेवढ्याच मापाने घालू नका, त्यात सोड्याबरोबर सायट्रिक अ‍ॅसिड आधीच असतं, ते पाण्यात पण फसफसतं. ढोकळ्याला ठेवा ते.

अजून एक म्हणजे ताक आणि सोडा भेटले की घड्याळ सुरू होतं. ओव्हन आधी तापवा, टिनला बटर-मैदा लावून ठेवा, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. मागच्या पावसाळ्यात माझं बॅटर टिनमध्ये ओतून झालं आणि लाईट गेली. आत्ता येईल, आत्ता येईल करत ४० मिनिटं बसले, आणि बॅटरवरचे बुडबुडे एकेक करून डोळ्यांदेखत फुटताना बघितले. लाईट आल्यावर भाजला तरी, निघालं काय तर गोड खापरोळी. पोरांनी दुधात बुडवून संपवली म्हणून अब्रू वाचली.

प्रश्न (ऐरोली): काकू, आम्ही तीन मुलं फ्लॅटवर राहतो, रात्री ११ ला मित्राचा बर्थडे केक करायचाय, दही नाही, लिंबू नाही. चायनीजबरोबर आलेलं व्हिनेगर आहे, चालेल?

अरे, त्यात हिरव्या मिरच्या असतात! मिरच्या काढल्यास तरी तिखटपणा व्हिनेगरमध्ये उतरलेला असतो, मित्राने जन्मभर लक्षात ठेवावं असं वाटत असेल तर घाल. नाहीतर बटरमिल्कचा नादच सोड. साधं दूध तेवढंच घे आणि सोडा काढून टाकून त्याच्या चौपट बेकिंग पावडर घाल, म्हणजे रेसिपीत अर्धा टीस्पून सोडा असेल तर २ टीस्पून पावडर. बेकिंग पावडरमध्ये आंबट भाग आतच असतो, तिला बाहेरून लागत नाही. केक थोडा कमी लुसलुशीत होईल कारण ताकातलं अ‍ॅसिड मैद्याचा चिवटपणा कमी करतं, ते इथे नाही, त्यामुळे बॅटर जास्त फेटू नकोस. पीठ दिसेनासं झालं की थांब.

प्रश्न (नेरूळ): मुलीला दूध चालत नाही. नारळाचं दूध वापरून होईल का?

होईल, पण सोया मिल्क मिळालं तर ते आधी घ्या, लिंबू घातल्यावर ते छान फाटतं आणि दाटही होतं. नारळाचं किंवा बदामाचं दूध तसं फाटत नाही, मग लोकांना वाटतं फसलं. फसलेलं नसतं, सोड्याला आंबट हवं असतं, गुठळ्या नाही. माप तेच, १ कपाला १ टेबलस्पून. नारळाचं दूध दाट असेल तर थोडं पाणी घालून पातळ करा, नाहीतर केक तेलकट लागतो.

याच अनुषंगाने कळव्याहून एकांनी विचारलंय की लिंबाऐवजी कोकमाचं आगळ चालेल का. आगळात मीठ असतं आणि रंग उतरतो. सोलकढी करा, जेवणात प्या, केकमध्ये नको.

प्रश्न (वाशी): दुकानात ताकाची पिशवी मिळते ती चालेल का? आणि उरलेलं बटरमिल्क किती दिवस टिकतं?

मसाला ताक अजिबात नाही, त्यात मीठ, जिरं, कधी मिरची-आलं. साध्या ताकाच्या पिशवीत पण मीठ असू शकतं, पाठीमागे वाचा, आणि ते पातळ असतं, म्हणून निम्मं ताक आणि निम्मं दही असं करा.

लिंबाचं दूध लगेच वापरायचं, साठवायचं नाही. दह्याचं फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, खाली पाणी सुटलं तर परत घुसळा. त्याहून जास्त उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीज करा, माझ्या ट्रेचा एक खण बरोबर २ टेबलस्पूनचा आहे त्यामुळे ८ खडे म्हणजे १ कप, असा हिशोब लावता येतो, तुमचा ट्रे एकदा मोजून घ्या. वितळल्यावर फाटल्यासारखं दिसतं, केकमध्ये फरक पडत नाही. फक्त खडे पिशवीत भरून वर 'ताक' असं लिहा, आमच्याकडे एकदा ते पाहुण्यांच्या कोकम सरबतात गेलेत.