इतिहासाचं पुस्तक आणि आपली मुलं: वाचकांचे प्रश्न

न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत मी बावीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, पेपर तपासणं संपलं. आता अमेरिकाभरच्या मराठी पालकांचे मेल तपासते. ऑगस्टात शाळा उघडल्या की तेच प्रश्न आणि तेच फॉरवर्ड येतात, म्हणून या वेळी एकगठ्ठा उत्तरं देते.

आमच्या शाळेत ‘सीआरटी’ शिकवतात असं ग्रुपवर आलंय. मुलगी तिसरीत आहे. खासगी शाळेत घालू का? (व्हर्जिनिया)

नको. ‘क्रिटिकल रेस थिअरी’ म्हणजे वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच मुरलेला आहे, हा डेरिक बेल, किंबर्ली क्रेनशॉ वगैरे कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७०-८०च्या दशकांत मांडलेला विचार. तिसरीच्या दप्तरात तो सापडत नाही. जानेवारी २०२२मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी पहिलाच आदेश ‘फूट पाडणाऱ्या संकल्पनां’विरुद्ध काढला आणि त्या सुमारास हा शब्द तुमच्याकडे घरोघरी पोचला. खासगी शाळेची फी भरण्याआधी मुलीची वही उघडा आणि वर्गशिक्षिकेला भेटा.

मुलीला एपी (हायस्कुलात शिकायचा कॉलेज-पातळीचा कोर्स) आफ्रिकन अमेरिकन स्टडीज घ्यायचंय. फ्लोरिडात त्यावर बंदी आहे म्हणे. एक क्लासवाले ‘घरबसल्या तोच कोर्स, क्रेडिटची हमी’ देतायत. (टॅम्पा)

जानेवारी २०२३मध्ये तुमच्या राज्याच्या शिक्षण विभागाने हा कोर्स नाकारला, हे खरं. पण शाळांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवलाच पाहिजे असा कायदा त्याच फ्लोरिडात १९९४पासून आहे. तो काय आणि कसा शिकवायचा, यावर भांडण आहे. क्रेडिटचं म्हणाल तर ते कॉलेज देतं, क्लासवाले नव्हेत. पैसे भरू नका. शाळेच्या काउन्सेलरची वेळ घ्या आणि याच महिन्यात घ्या. मागच्या वर्षी एका आईने मला हेच एप्रिलमध्ये विचारलं होतं, तेव्हा उशीर झाला होता.

एच-वन-बीवर असताना स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलता येतं का? (ओहायो)

येतं. मतदान करता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या काही मोजक्या ठिकाणी बोर्डाच्या निवडणुकीपुरता अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. लायसन्सच्या फॉर्मवरचा मतदार-नोंदणीचा चौकोनही न वाचता टिक करू नका, पुढे ग्रीन कार्डाला महागात पडेल. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, मित्राला नको.

मुलगा आठवीत आहे. अमेरिकेचं १८६१चं यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं की राज्यांच्या हक्कांमुळे? पुस्तक एक सांगतं, यूट्यूब दुसरं. (फ्रिस्को, टेक्सास)

या प्रश्नाला जरा जास्त जागा घेते, कारण माझं दुखणं इथेच आहे.

२०१०मध्ये टेक्सासच्या निवडून आलेल्या शिक्षण मंडळाने अभ्यासक्रमात युद्धाच्या कारणांमध्ये गुलामगिरी तिसऱ्या नंबरवर टाकली, प्रादेशिक वाद आणि राज्यांचे हक्क यांच्या मागे. २०१८मध्ये तेच मंडळ वळलं आणि गुलामगिरीच्या विस्ताराची भूमिका ‘केंद्रस्थानी’ आली. मधल्या आठ वर्षांत १८६१ साली काही नवं घडलेलं नव्हतं. टेक्सासने फेब्रुवारी १८६१मध्ये संघराज्यातून बाहेर पडण्याची कारणं स्वतःच छापली आहेत आणि त्यात गुलामगिरीचं रक्षण स्वच्छ लिहिलंय. काही पानांचाच दस्तऐवज आहे. मुलाला तो वाचायला द्या, यूट्यूब बंद करा.

पण खोटं नेहमी कारणांच्या यादीत नसतं, वाक्याच्या घडणीत असतं. २०१५मध्ये ह्यूस्टनजवळच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो आईला पाठवला. प्रकरण स्थलांतराचं आणि नकाशाखालची ओळ अशी, की गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ दक्षिणेतल्या मळ्यांवर काम करायला आणले. कामगार! जणू पगार ठरवून बोटीत बसले. गवगवा झाल्यावर प्रकाशकाने माफी मागितली, ओळ बदलली आणि छापून गेलेल्या प्रतींसाठी स्टिकर देऊ केले.

मराठीच्या तासाला आपल्याला कर्ता शोधायला शिकवलं होतं. क्रियापदाला ‘णारा’ लावा आणि विचारा, कोण? आणणारा कोण? विकणारा कोण? चाबूक मारणारा कोण? त्या ओळीत आणणारा म्हणून ‘व्यापार’ उभा आहे. माणूस कुठेच नाही. मुलाला पेन्सिल देऊन एका पानावर हा उद्योग करायला लावा. जिथे ‘णारा’ सापडणार नाही तिथे खूण करा आणि ते पान घेऊन शिक्षकांना भेटा. आवाज चढवू नका, वर्गात वंशाबद्दल काय आणि कसं बोलायचं यावरचे राज्याचे २०२१चे कायदे त्यांच्याही डोक्यावर आहेत. आणि कृपा करून पुस्तकं मंजूर होण्याआधी मंडळ हरकती मागवतं तेव्हा लिहा. मंजुरीनंतर मला मेल करून काय उपयोग?

कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकात हिंदू धर्म म्हणजे जातिव्यवस्था असं दाखवलंय. ऑनलाइन अर्जावर सही करू? (फ्रीमाँट)

कोणतं पुस्तक, कोणतं पान? तुम्ही लिहिलेलं नाही आणि अर्जातही नसणार. २००५-०६मध्ये आणि पुन्हा २०१६मध्ये हा वाद राज्याच्या मंडळापुढे गाजला. एकीकडे हिंदू संघटना, दुसरीकडे दलित कार्यकर्ते आणि काही इतिहासकार. ‘भारत’ म्हणायचं की ‘दक्षिण आशिया’ यावरसुद्धा खडाजंगी झाली. काही हरकती रास्त होत्या, काही पांघरूण घालणाऱ्या. ‘माझ्या मुलाला वर्गात शरम वाटते’ हे तुमचं म्हणणं मला समजतं. फक्त वंशावरून कुणाला अपराधी वाटायला लावू नका, अशी जवळजवळ हीच भाषा फ्लोरिडाच्या २०२२च्या कायद्यात आहे, गोऱ्या पालकांना डोळ्यापुढे ठेवून, आणि तेव्हा आपण सगळे हसलो होतो. आधी पान वाचा, शिक्षकांना भेटा, सहीचं नंतर बघू.

नातू अमेरिकेत शिकतो. गोऱ्या-काळ्यांच्या इतिहासाशी आपला काय संबंध? (पुणे)

१९२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. आपल्यासाठी दार नीट उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या ऐन भरात. आणि १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. नातू सुट्टीत आला की त्याला गंज पेठेतल्या फुले वाड्यावर न्या. तुम्ही पुण्यातच आहात, रिक्षाने जाता येईल.