पोप, पाप आणि पथ्य

प्रश्न असा आहे: ‘पोप’ हा शब्द ‘पाप’वरून आला का? पहिल्या तीन-चार शतकांतल्या रोमच्या धर्मप्रमुखांना पोप म्हणणे बरोबर का? आणि बातम्यांत पोपसाठी दिसणाऱ्या ‘पॉन्टिफ’ला मराठीत काय म्हणावे?

पहिल्याचे उत्तर एका शब्दात: नाही. ‘पापे धुतो तो पापा, पापाचा झाला पोप’ ही व्युत्पत्ती नवा पोप निवडला गेला की मोबाइलवर फिरायला लागते आणि चांगली शिकलेली माणसे ती पुढे पाठवतात. आपले ‘पाप’ वेदांपासूनचे आहे, त्याचा रोमशी काडीचा संबंध नाही. रोमचा ‘पापा’ आला ग्रीक ‘पाप्पास’वरून, म्हणजे बोबड्या पोराने बापाला मारलेली हाक. पप्पा, बाबा, अप्पा याच जातीचे. ओठ मिटून उघडले की जगातल्या कुठल्याही मुलाच्या तोंडून असा शब्द निघतो, त्याला धातू शोधत बसू नये.

मग ‘आ’चा ‘ओ’ कुठे झाला? इंग्रजीत. जुन्या इंग्रजीतला लांब ‘आ’ पुढे ‘ओ’ झाला: ‘स्तान’चा स्टोन, ‘हाम’चा होम, तसा ‘पापा’चा पोप. मराठीने शब्द इंग्रजीकडून घेतला म्हणून आपण ओठ गोल करतो. गोव्यात तो पोर्तुगिजांकडून आला, म्हणून कोकणी माणूस अजून ‘पाप सायब’ म्हणतो आणि मूळ उच्चाराच्या जास्त जवळ असतो.

आता दुसरा प्रश्न. ‘पहिला पोप पीटर व्हॅटिकनच्या गादीवर बसला’ अशी वाक्ये छापून येतात, तेव्हा त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खटकतो. त्या काळी व्हॅटिकन हे रोमच्या टायबर नदीपलीकडच्या टेकडीचे नाव होते, गादी नव्हती, आणि ‘पापा’ ही रोमची मक्तेदारी नव्हती. तिसऱ्या शतकात कुठल्याही मानाच्या बिशपाला, म्हणजे शहराच्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाला, पापा म्हणत. उत्तम पुरावा रोमच्याच लोकांनी ठेवला आहे. 20 जानेवारी 250 रोजी रोमचा बिशप फेबियन मारला गेला. ख्रिस्ती लोकांचा छळ इतका कडक होता की पुढचा बिशप, कॉर्नेलियस, 251 च्या मार्चपर्यंत निवडता आला नाही. त्या रिकाम्या वर्षात रोमच्या पाद्र्यांनी आफ्रिकेतल्या कार्थेजच्या बिशपाला पत्र लिहिले, त्याचा मायना होता ‘पापा सिप्रियान यांस’. म्हणजे रोममध्ये पोप नव्हता आणि रोमकर ज्याला पापा म्हणून लिहीत होते तो समुद्रापलीकडे होता! रोमच्या बिशपासाठी हा शब्द कोरलेला आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो मार्सेलिनसच्या काळात, 296 ते 304 च्या दरम्यान, सेव्हेरस नावाच्या डीकनच्या, म्हणजे बिशपाच्या हाताखालच्या सेवकाच्या, थडग्यावर. तेव्हा फक्त रोमचा तोच ‘पोप’, असा अर्थ धरून त्याआधीच्या माणसांबद्दल लिहायचे असेल तर ‘रोमचा बिशप’ म्हणा. मराठी बायबलात बिशपाच्या मूळ ग्रीक शब्दाला ‘अध्यक्ष’ घातले आहे आणि ते फार सुरेख भाषांतर आहे: ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून पाहणारा, आपला ‘अध्यक्ष’ म्हणजे ‘अधि’ आणि ‘अक्ष’ मिळून, वर डोळा असलेला.

या अध्यक्षांची चरित्रे मात्र गादीच्या कल्पनेला अजिबात न शोभणारी, आणि म्हणूनच मजेदार आहेत. फेबियनचेच पाहा. 236 मध्ये अँटेरस जेमतेम चाळीस दिवस पद सांभाळून वारला. निवडणुकीला जमलेल्यांत फेबियन खेड्यावरून आलेला, त्याचे नावही कुणाच्या मनात नव्हते. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस सांगतो की एक कबुतर येऊन त्याच्या डोक्यावर बसले आणि सगळ्यांनी एकमुखाने त्याला निवडले. कबुतराने निवडलेला हा माणूस पुढे कसलेला कारभारी निघाला. त्याने रोमचे सात भाग पाडून सात डीकनांना वाटून दिले.

पुढे रोमचा बिशप झालेल्या कॅलिक्स्टसची (217 ते 222) कथा याहून रंगतदार. तो गुलाम होता. कार्पोफोरस नावाच्या धन्याने त्याला पेढी चालवायला दिली, विधवांनी आणि इतर ख्रिस्ती लोकांनी त्यात ठेवी ठेवल्या, आणि पेढी बुडाली. तो बंदराकडे पळाला, जहाजात चढला. धनी दिसताच त्याने समुद्रात उडी टाकली. खलाशांनी बाहेर काढला आणि धन्याने त्याला दळणाच्या चक्कीला जुंपले. ठेवीदारांनीच रडून त्याला सोडवले, कारण तो बाहेर आला तरच वसुलीची आशा. मग सब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या प्रार्थनागृहात (सिनगॉगमध्ये) दंगा केल्याबद्दल फटके खाऊन त्याची रवानगी सार्डिनियाच्या खाणीत झाली. सम्राट कॉमोडसची रखेली मार्सिया हिने तिथल्या ख्रिस्ती कैद्यांची सुटका करवली. रोमचा तेव्हाचा बिशप व्हिक्टर याने दिलेल्या यादीत कॅलिक्स्टसचे नाव नव्हते, तो गुडघे टेकून रडला तेव्हा त्यालाही सोडले. पुढे बिशप झेफिरायनसने त्याला आपिया रस्त्यावरच्या दफनभूमीचा कारभार दिला. तिला आजही त्याचेच नाव आहे, तिथल्या पोपांच्या तळघरात तिसऱ्या शतकातले नऊ पोप पुरले गेले, आणि त्या नवांत कॅलिक्स्टस नाही. तो औरेलिया रस्त्यावर.

ही कथा उद्धृत करणारे एक गोष्ट गाळतात, आणि मला त्याचा खरोखर राग येतो. ती सांगणारा हिपोलिटस कॅलिक्स्टसचा हाडवैरी होता आणि त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला पहिला प्रतिपोप, म्हणजे पदावर हक्क सांगणारा प्रतिस्पर्धी, मानला जातो. ज्या ग्रंथात ती आहे त्याची पोथी 1842 मध्ये ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या मठातून बाहेर आली आणि छापताना आधी ओरिजेन या दुसऱ्याच ख्रिस्ती लेखकाच्या नावावर गेली. गुलामी आणि खाण या गोष्टी खऱ्या असाव्यात, पण त्यामागचा हेतू सांगणारे प्रत्येक विशेषण वैऱ्याचे आहे. नियतीचा न्याय असा की 235 मध्ये हिपोलिटस आणि तेव्हाचा बिशप पॉन्टियानस दोघांनाही एकत्र सार्डिनियालाच धाडले. 28 सप्टेंबर 235 ला पॉन्टियानसने पद सोडले. पोपांच्या इतिहासातली दिवस-महिन्यासह पक्की अशी ही पहिली तारीख.

आता पॉन्टिफ. खरा आनंद इथे आहे.

लॅटिन ‘पॉन्टिफेक्स’ ही ख्रिस्ताच्या कितीतरी आधीची रोमन पुरोहितांची पदवी. ‘पॉन्स’ म्हणजे पूल, ‘फेक्स’ म्हणजे करणारा. रोमन पंडित व्हारो सांगतो की टायबरवरचा सुब्लिसियस हा लाकडी पूल याच पुरोहितांनी बांधला आणि वेळोवेळी दुरुस्त केला. त्या पुलाला लोखंडाचा खिळा चालत नसे. क्विंटस स्काएव्होला, स्वतः पॉन्टिफेक्स मॅक्झिमस (म्हणजे या पुरोहितांचा प्रमुख), म्हणायचा की शब्द ‘पोस्से’वरून, म्हणजे ‘समर्थ असणे’वरून आला. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने तर पुलाची व्युत्पत्ती हास्यास्पद ठरवली. दोघेही चुकले. पदावर बसलेल्याला आपल्या पदवीचा अर्थ कळतोच असे नाही, याचे स्काएव्होलासारखे उदाहरण नाही. ‘पोस्से’वरून ‘पॉन्टि’मधला ‘न’ कुठून आणणार?

व्हारोही अर्ध्यावर थांबला, कारण त्याला संस्कृत ठाऊक नव्हते. ‘पॉन्स, पॉन्टिस’ हा आपल्या ‘पन्थाः’चा सख्खा भाऊ. ग्रीकमध्ये तोच शब्द ‘पोन्तोस’, म्हणजे समुद्र, जहाजांची वाट. रशियनमध्ये ‘पुत्’, म्हणजे रस्ता, त्यावरून बरोबरीचा वाटसरू तो ‘स्पुतनिक’. मूळ अर्थ तयार सडक नव्हे, तर अवघड जागेतून काढलेली वाट. रोमन लोकांना अवघड जागा म्हणजे टायबर, म्हणून वाटेचा पूल झाला. आपला ‘सेतू’ वेगळ्या धातूचा, बांधण्याचा. त्यांचा पूल चालण्याचा. आणि ‘फेक्स’मधला ‘फाकेरे’ हा आपल्या ‘धा’चा भाऊ, विधी आणि विधाता यांच्यातला.

म्हणून माझे ठाम मत: पॉन्टिफेक्स म्हणजे मुळात पूल बांधणारा गवंडी नव्हे, तर ‘पथिकृत्’. हा शब्द ऋग्वेदात आहे. दहाव्या मंडलाच्या चौदाव्या सूक्तात ‘इदं नम ऋषिभ्यः पूर्वजेभ्यः पूर्वेभ्यः पथिकृद्भ्यः’, वाट पाडणाऱ्या पूर्वजांना नमस्कार. तैत्तिरीय संहितेत तर विधीच दिला आहे: दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचे यज्ञ, करणाऱ्याची अमावास्या किंवा पौर्णिमा चुकली, तर त्याने ‘अग्नये पथिकृते’ आठ कपालांवर (खापरांवर) भाजलेला पुरोडाश, म्हणजे पिठाची पोळी, अर्पावा, म्हणजे वाट चुकलेल्याला अग्नी परत वाटेवर आणतो. रोमचे पॉन्टिफ दिनदर्शिका सांभाळत, सणवार चुकले तर प्रायश्चित्त सांगत. कामही तेच! ‘पूल कशाला, पुरोहिताचा पुलाशी काय संबंध’ असे विचारणाऱ्या प्लूटार्कला याहून नेमके उत्तर नाही.

याच घराण्यातला आपला रोजचा शब्द ‘पथ्य’. पाणिनीने ‘पथापासून न ढळलेले ते पथ्य’ असे सूत्रच केले आहे. मधुमेह्याचे पथ्य आणि रोमचा पॉन्टिफ एका आजीची नातवंडे आहेत.

एक गैरसमज इथेच काढतो. ‘रोमन सम्राट ग्रेशियनने पॉन्टिफेक्स मॅक्झिमस ही पदवी टाकली आणि पोप डॅमेससने ती उचलली’ हे वाक्य कुणीही आधार न देता लिहितो. ग्रेशियनने पदवीचा झगा नाकारला असे इतिहासकार झोसिमस सांगतो, आणि त्यावर एक पुरोहित म्हणाला, ‘सम्राटाला पॉन्टिफेक्स व्हायचे नसेल तर लवकरच पॉन्टिफेक्स मॅक्झिमस होईल.’ श्लेष असा की 383 मध्ये मॅक्झिमस नावाच्याच सेनापतीने बंड केले आणि ग्रेशियन मारला गेला. डॅमेससने पदवी उचलल्याचा मात्र यात शब्द नाही. त्याच्या नावावर दुसऱ्याच गोष्टी आहेत: 366 च्या निवडणुकीच्या मारामारीत एका बॅसिलिकात एका दिवसात 137 मृतदेह सापडले असे इतिहासकार अम्मियानस लिहितो, आणि विरोधकांनी त्याला ‘बायकांचे कान कोरणारा’, म्हणजे गोड बोलून त्यांना भुलवणारा, म्हटले. बिशपाला ‘पॉन्टिफेक्स मॅक्झिमस’ म्हटल्याचा सर्वांत जुना उल्लेख त्याहून दीडशे वर्षे आधीचा, आणि तो टोमणा आहे. व्यभिचाऱ्यांना प्रायश्चित्तानंतर क्षमा देऊ करणाऱ्या एका बिशपाला कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने ‘पॉन्टिफेक्स मॅक्झिमस, म्हणजे बिशपांचा बिशप’ असे हिणवले. तो कॅलिक्स्टस असे पुष्कळांना वाटते, काहींना कार्थेजचाच बिशप वाटतो. पोपांसाठी ही जोडपदवी नित्याची झाली ती पंधराव्या शतकापासून.

तर बातमीत ‘पॉन्टिफ’ आला की ‘पोप’ लिहा, तो मराठी कानाला ओळखीचा आहे. ‘धर्मसेतुकार’ वगैरे नवे शब्द पाडू नका. व्युत्पत्ती दाखवणारा शब्दच हवा असेल तर ‘पथिकृत’, पण पहिल्यांदा वापराल तेव्हा अर्थ सोबत द्या, नाहीतर वाचक तो ‘पथकर’ समजून टोलनाक्यावर जाऊन उभा राहील.