कमी वापराची पुस्तके ग्रंथालयाबाहेरच्या साठवणगृहात हलवावीत का?

आपण विचारले आहे की, अभ्यासिकेसाठी जागा हवी म्हणून विद्यापीठाने कमी वापराची पुस्तके दूरच्या साठवणगृहात पाठवायचे ठरवले आहे, तर प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी त्याला विरोध करावा का. विद्यापीठ ग्रंथालयाच्या देवघेव आणि तालिका (पुस्तकांची नोंदसूची) या दोन्ही विभागांत मी बरीच वर्षे काम केले आहे. माझे मत असे की, स्थलांतराला विरोध करू नये, पण पुस्तके हलण्याआधी तालिका दुरुस्त झालीच पाहिजे, हा आग्रह मात्र सोडू नये.

जागेची अडचण खरी आहे. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले. हार्वर्ड विद्यापीठाने १९८६ मध्ये शहराबाहेर असे साठवणगृह उभारले आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचे स्विंडनजवळचे साठवणगृह २०१० मध्ये सुरू झाले. तेथील थंड, कोरड्या आणि स्थिर हवेत आम्लयुक्त कागद सावकाश झिजतो, त्यामुळे जुन्या पुस्तकांचे आयुष्यही वाढते.

मात्र हार्वर्डच्या पद्धतीत पुस्तके विषयवार नव्हे, तर आकारानुसार ट्रेमध्ये लावतात, आणि पुस्तकाचा बारकोड ट्रेशी व ट्रेचा फळीशी जोडलेला असतो. विषयवार मांडणीत चुकीच्या जागी गेलेले पुस्तक बहुधा आजूबाजूला सापडते. येथे नोंद चुकली, तर ते शोधायला कोणताच धागा उरत नाही.

अशाच एका स्थलांतराच्या तयारीत एक जाड बांधीव खंड माझ्या हाती आला. त्याच्या कण्यावर ‘पुस्तिका’ एवढाच शब्द होता आणि तालिकेत फक्त पहिल्या पुस्तिकेची नोंद होती. आत मात्र नऊ वेगवेगळ्या पुस्तिका एकत्र शिवलेल्या होत्या. कपाटापुढे उभे राहून खंड चाळणाऱ्या वाचकाला त्या सगळ्या सापडत असत, पण साठवणगृहात गेल्यावर उरलेल्या आठ पुस्तिका कोणाला मागताच आल्या नसत्या, कारण मागायला नाव लागते आणि ती नावे कोठेच लिहिलेली नव्हती. आम्ही तो खंड बाजूला काढून प्रत्येक पुस्तिकेची स्वतंत्र नोंद केली. हे काम वेळखाऊ आहे, आणि घाईच्या वेळापत्रकात नेमके हेच गाळले जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

निवडीबाबतही सावध राहावे. मागच्या पानावरची तारखेची चिठ्ठी कोरी असली, तरी पानांचे कोपरे मळून मऊ झालेले असतात. म्हणजे पुस्तक घरी कोणी नेले नाही, पण वाचनकक्षात बसून अनेकांनी वाचले आहे. म्हणून निदान एक सत्रभर टेबलांवर राहिलेल्या पुस्तकांची मोजणी करायला सांगा आणि मगच याद्या ठरवू द्या. संगणकावर पूर्ण उपलब्ध असलेल्या नियतकालिकांचे जुने खंड आधी जाऊ द्यावेत; इतिहास आणि साहित्याची कपाटे शेवटी, कारण तेथे शेजारचे पुस्तक पाहूनच पुष्कळ शोध लागतात.

मागणीनंतर पुस्तक किती तासांत हाती येईल, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या, आणि वर्षात दोन-तीनदा मागवले गेलेले पुस्तक पुन्हा खुल्या कपाटात आणण्याचा नियमही त्यातच लिहून घ्या.